'पॉडकास्ट'मध्ये कॅमेरा नव्हताच

दोन खुर्च्या, दोन माइक आणि मागे निऑनची पाटी, एवढं जमलं की हल्ली त्याला पॉडकास्ट म्हणतात. म्हणोत बापडे. पण हा शब्द आला कुठून ते पाहिलं, तर त्यात कॅमेरा कुठेच सापडत नाही.

फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांनी 'गार्डियन'मध्ये इंटरनेटवरच्या हौशी रेडिओविषयी लिहिलं. या प्रकाराला म्हणायचं तरी काय, असं विचारत त्यांनी तीन नावं सुचवली: ऑडिओब्लॉगिंग, पॉडकास्टिंग, गुरिलामीडिया. तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह! टिकलं मधलं. 'पॉड' आयपॉडमधला (अ‍ॅपलचं खिशात मावणारं गाणी ऐकायचं यंत्र), 'कास्ट' ब्रॉडकास्टमधला. 'पर्सनल ऑन डिमांड'चं लघुरूप वगैरे जे ऐकवलं जातं, ते मागाहून चिकटवलेलं. ब्रॉडकास्ट तर मूळचा शेतातला शब्द, म्हणजे फोकून पेरणी; रेडिओवाल्यांनी तो १९२० च्या आसपास उचलला.

माझ्या मते खरं श्रेय नावापेक्षा यंत्रणेचं, आणि ती नावाच्या आधीची. डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएसमध्ये (संघ नव्हे; साइटवरच्या नव्या नोंदींची यादी, म्हणजे फीड, अ‍ॅपना पुरवायचा प्रकार) 'एन्क्लोजर' हा टॅग घातला, म्हणजे नोंदीला ऑडिओ फाइल जोडायची सोय केली. गरज का पडली? हिशेब करा. अर्ध्या तासाचं बोलणं ६४ केबीपीएस मोनोमध्ये १४.४ एमबी होतं. ५६ केबीपीएसच्या मोडेमला पूर्ण वेग मिळाला, जो कधीच मिळत नसे, तरी ते उतरवायला ३४ मिनिटं. ऐकायला तीस, उतरवायला चौतीस. थेट ऐकायला बसलात की अडकलंच. माजी एमटीव्ही निवेदक अ‍ॅडम करी यांनी यावर तोडगा सुचवला होता: कॉम्प्युटर रिकामा असताना फाइल गुपचूप उतरू द्यायची, पूर्ण झाली की मगच दाखवायची. २००४ मध्ये त्यांच्या 'आयपॉडर' स्क्रिप्टने ती फाइल पुढे आयपॉडपर्यंत पोचवली.

त्या टॅगमध्ये आजही तीनच गोष्टी लागतात: फाइलचा पत्ता, आकार आणि प्रकार. आकार बाइट्समध्ये द्यायचा. तिथे मिनिटं भरणारे महाभाग आहेत. त्याहून मोठा घोळ होस्टिंग, म्हणजे फाइल आणि फीड ठेवणारी सेवा, बदलताना होतो. प्रत्येक भागाची स्वतःची ओळख, 'जीयूआयडी', बदलली की अ‍ॅपला सगळे जुने भाग नवेच वाटतात आणि श्रोत्याच्या फोनवर शंभर भाग एकदम कोसळतात. जुने जीयूआयडी जसेच्या तसे ठेवायचे आणि जुन्या फीडवर ३०१ रीडायरेक्ट ('पत्ता कायमचा बदलला, नव्याकडे जा' ही सूचना) लावायचा, एवढंच पथ्य.

जून २००५ मध्ये आयट्यून्स ४.९ मध्ये पॉडकास्ट आले, त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला.

तेव्हा माझी कसोटी साधी: फीडचा पत्ता कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकून ऐकता येतं का? येत असेल तर पॉडकास्ट. एकाच अ‍ॅपात कोंडलेलं असेल तर त्याला शो म्हणा, मुलाखत म्हणा. आणि स्वतःचा काढणार असाल, तर होस्टिंगवाल्याला पैसे देण्याआधी विचारा: सोडून जाताना ३०१ लावून द्याल का, आणि किती महिने ठेवाल?