अमीन सयानींनी अमिताभचा आवाज नाकारला? त्यांनी तो ऐकलाच कुठे होता!

रेडिओ निवेदक अमीन सयानींचं नाव निघालं की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. गोष्ट साधारण अशी: अमिताभ बच्चन उमेदवारीच्या काळात आकाशवाणीत आवाजाच्या चाचणीला गेले. समोर अधिकारी म्हणून अमीन सयानी बसले होते. त्यांनी आवाज ऐकला, 'रेडिओला चालणार नाही' म्हणाले आणि पोराला परत पाठवलं. पुढे त्याच आवाजानं देश जिंकला वगैरे. खाली हात जोडलेल्या दोन इमोजी, आणि हार न मानण्याचा उपदेश.

गोष्ट छान आहे. पण तिच्यात फक्त माणसांची नावं खरी आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'आवाज ऐकला'. सयानींनी मुलाखतींमध्ये हा प्रसंग स्वतः सांगितलाय. साठच्या दशकाचा शेवट होता. आठवड्याला वीसेक कार्यक्रम करत होते, म्हणजे सगळा दिवस रेकॉर्डिंगच्या खोलीत. एक सडपातळ तरुण वेळ न ठरवता भेटायला आला. सयानींना क्षणाचीही उसंत नव्हती. वेळ घेऊन या, असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. तरुण पुन्हा आला, पुन्हा तेच झालं. म्हणजे नाकारली ती भेट. आवाज दाराच्या आत पोहोचलाच नाही. ज्या आवाजाची परीक्षाच झाली नाही, त्याला नापास कोण कसं करणार?

दुसरं म्हणजे सयानी आकाशवाणीचे अधिकारी नव्हते. लहानपणी मोठे भाऊ हमीद यांचं बोट धरून ते मुंबई केंद्रावर गेले आणि तिथल्या इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेत राहिले, हे खरं. पण त्यांना घराघरांत नेलं ते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोननं. 3 डिसेंबर 1952 ला सुरू झालेली 'बिनाका गीतमाला', हा हिंदी चित्रपटगीतांचा त्यांचा कार्यक्रम, तिथून लागायची. ती सिलोनला का गेली, यात एका मराठी माणसाचा हात आहे. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्याच वर्षी माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. चित्रपट संगीतानं लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीनं या गाण्यांचा वेळ कापला. शिवाय चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याच्या परवानग्या काढून घेतल्या. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि सिलोन लावलं. केसकरांची शास्त्रीय संगीताची कळकळ खोटी नव्हती, पण गीतमालेची जाहिरात त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणी केली नसेल.

आकाशवाणीला शहाणपण यायला 1957 उजाडलं. त्या वर्षी 3 ऑक्टोबरला तिची विविध भारती ही मनोरंजनाची सेवा सुरू झाली, आणि तिच्यावर जाहिराती यायला आणखी दहा वर्षं लागली. सयानींचा धंदाच मुळी प्रायोजित कार्यक्रमांचा. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे, टेप विमानानं कोलंबोला जायच्या. (ते कोलंबोत राहायचे असं समजणारेही पुष्कळ भेटतात, तोही गैरसमजच.) अशा माणसाला आकाशवाणीच्या निवड समितीत कोण बसवेल? गोंधळ का झाला, तेही उघड आहे. 1989 पासून गीतमाला विविध भारतीवर आली. आज पन्नाशीत असलेल्यांनी ती तिथेच ऐकली, म्हणून त्यांच्या लेखी सयानी म्हणजे आकाशवाणी. अमिताभ आकाशवाणीच्या चाचणीत नापास झाले, अशीही एक वेगळी गोष्ट सांगितली जाते. फॉरवर्डवाल्यानं दोन्हींची खिचडी केली आणि परीक्षकाची रिकामी खुर्ची सयानींना दिली.

मग कुणीतरी म्हणतं, 'अहो, त्यांनी स्वतःच कबूल केलंय!' कबूल काय केलंय ते पाहा. 'आनंद' पाहताना या नटाच्या आवाजानं ते भारावले. दारावरून परत गेलेला तरुण हाच, हे मात्र पुढे कधीतरी अमिताभनीच एका समारंभात तो किस्सा सांगितला तेव्हा कळलं. भेटलो नाही याची हळहळ त्यांनी बोलून दाखवली आणि वर हसत म्हणाले की झालं ते दोघांच्याही भल्याचं झालं. नाहीतर मी रस्त्यावर आलो असतो, आणि त्याला रेडिओवर इतकं काम मिळालं असतं की सिनेमा एका मोठ्या नटाला मुकला असता. ही खिलाडू थट्टा आहे. तिला गुन्ह्याचा कबुलीजबाब समजायला विनोदाशी चांगलंच वैर हवं.

आणि 'तेव्हा त्या आवाजाची कुणाला किंमतच नव्हती' हेही तपासून घ्या. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' 1969 चा. त्यातलं निवेदन अमिताभचं आहे. कलकत्त्यातली कंपनीची नोकरी सोडून आलेल्या या मुलाच्या आवाजाला त्याच सुमारास सिनेमात काम मिळालं होतं.

खरं तर आवाज नाकारल्याचीच गोष्ट हवी असेल, तर ती सयानींच्या आयुष्यात तयार आहे, आणि तिच्यात नाकारले गेलेले ते स्वतः आहेत. तरुणपणी ते आकाशवाणीत हिंदी निवेदकाच्या चाचणीला गेले. वाचन चांगलं आहे, पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी फार डोकावतं, असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं. घरचं वातावरण पाहता ते खोटंही नसावं. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, तेही नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. भाषा सोपी, बोलण्यातली हिंदुस्तानी. अमीन त्या कामात हाताशी असायचे. पुढे 'बहनो और भाइयो' म्हणत त्यांनी जी हिंदी देशाला ऐकवली, तिचं मूळ इथे आहे.

चाचणीत हात हलवत परतल्यावर हमीदनी सुचवलं, की सेंट झेवियर्स कॉलेजच्या स्टुडिओत सिलोनसाठी हिंदी कार्यक्रम ध्वनिमुद्रित होतात, तिथे जाऊन नुसतं बसत जा, ऐकत जा. तिथे एकदा 'ओव्हल्टीन फुलवारी'ची जाहिरात वाचायला माणूस आला नव्हता. कार्यक्रमाचे निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी श्रोत्यांतच विचारलं, कोण वाचतंय? सयानींनी कागद हातात घेतला आणि इतक्या मोठ्यानं वाचला की त्यांना आधी आवाज खाली आणायला सांगावं लागलं. काम मिळालं. मोबदला म्हणून दर आठवड्याला ओव्हल्टीनचा, म्हणजे दुधात घालायच्या पेयभुकटीचा, एक लहान डबा.

गीतमालाही अशीच अंगावर आली. आठवड्याचे 25 रुपये. त्यात लिहायचं, निर्मिती करायची, बोलायचं आणि आलेली पत्रंही तपासायची. ज्येष्ठांपैकी कुणी तयार होईना, म्हणून काम कनिष्ठाच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी ती काळानुसार लावायची, बक्षीस 100 रुपये. गाण्यांना क्रम देणं, म्हणजे पायदान आणि सरताज गीत, हे सगळं नंतरचं. पन्नासेक पत्रं येतील असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 आली, आणि त्या 25 रुपयांत ती सगळी उघडून तपासायची होती.