बदनामी झाली? आधी कॅलेंडर बघा

"माझी बदनामी केली, एफआयआर घ्या" असं म्हणत लोक पोलीस ठाण्यात जातात आणि एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत घेऊन बाहेर येतात. मग पोस्ट पडते की पोलीस विकले गेले. ठाणे अंमलदार इथे काही चुकीचं करत नसतो. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, जुन्या भादंविचं 499-500. ज्याची बदनामी झाली त्यानेच दंडाधिकाऱ्यापुढे खासगी फिर्याद द्यायची असते. हे कळेपर्यंत दोन-तीन महिने जातात. मग वकिलाची नोटीस जाते, तिला उत्तर येतं, उत्तराला प्रत्युत्तर जातं, मध्ये कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. आणि या धावपळीत ज्यातून खरोखर काही हाती लागू शकतं तो दिवाणी भरपाईचा दावा मुदतबाह्य होऊन बसतो.

दाव्याची मुदत एक वर्ष आहे. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 75: लेखी बदनामीसाठी मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष. तोंडी बदनामीसाठी अनुच्छेद 76, तिथेही एकच वर्ष. फौजदारी फिर्यादीला मात्र तीन वर्षं मिळतात, म्हणून ऐकीव माहितीवर चालणारा माणूस इथे हमखास फसतो. "विलंब माफीचा अर्ज देऊ की" हेही चालत नाही. मुदत कायद्याचं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्यांना नाही. नोटीस पाठवल्याने घड्याळ थांबत नाही. खासगी माणसाविरुद्धच्या दाव्याला तर आधी नोटीस देण्याची सक्तीही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस सरकारविरुद्ध लागते.

"पोस्ट अजून फेसबुकवर आहे, म्हणजे रोज नवी बदनामी" हा युक्तिवादही करून झालाय. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो मान्य केला नाही. पोस्ट पहिल्यांदा टाकली त्या दिवसापासून वर्ष मोजायचं. तोच मजकूर कुणी नव्याने, वेगळ्या लोकांपुढे टाकला तर गोष्ट निराळी.

आता शब्दांकडे येऊ, कारण दावा शब्दांवरच उभा राहतो किंवा पडतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे दोन मेसेज घ्या. एक: "सेक्रेटरीने दुरुस्ती निधीतले पैसे खाल्ले." दुसरा: "दुरुस्ती निधीचा हिशेब दोन वर्षं सभेपुढे आलेला नाही, तो का?" पहिल्यात अपहाराचा थेट आरोप आहे. सेक्रेटरी एकच, त्यामुळे नाव न घेताही बोट कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळतं, आणि आरोप सिद्ध करण्याचा बोजा लिहिणाऱ्यावर येतो. दुसरा तपासता येण्याजोगी वस्तुस्थिती सांगून प्रश्न विचारतो. हिशेब खरंच आलेला नसेल तर त्यावर दावा टिकवणं अवघड. राग दोन्हीत सारखाच आहे. आणि "नालायक माणूस" ही भांडणातली शिवी. रागाच्या भरातल्या शिव्यांना कोर्ट सहसा बदनामी मानत नाही.

मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, हा दुसरा कळीचा मुद्दा. तुम्हालाच पाठवलेल्या खासगी मेसेजमध्ये काहीही लिहिलेलं असो, दिवाणी बदनामी होत नाही. पाटणा उच्च न्यायालयाचा 1958 चा निकाल यावर फार सुंदर आहे. एकाला उर्दूत पत्र आलं, त्याला उर्दू येत नव्हतं, म्हणून त्याने दुसऱ्याकडून वाचून घेतलं. कोर्ट म्हणालं, ही प्रसिद्धी नाही. पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल हे पाठवणाऱ्याला माहीत होतं असं दाखवलं असतं तर भाग वेगळा होता.

आणि "पात्रं काल्पनिक आहेत" असं लिहिलं की सुटलो, या भ्रमात राहू नका. इंग्लंडात 1908 मध्ये एका वृत्तपत्राने मनाने रचलेलं नाव वापरलं, आर्टेमस जोन्स. त्या नावाचा खराखुरा बॅरिस्टर निघाला. भरपाई 1750 पौंड.

वादपत्रात, म्हणजे दावा लावताना कोर्टात द्यायच्या लेखी मजकुरात, सर्वांत जास्त चुका कुठे होतात? "प्रतिवादीने वादीबद्दल अत्यंत बदनामीकारक मजकूर प्रसारित केला" असं एक गुळगुळीत वाक्य लिहून पुढे तीन पानं वादीच्या प्रतिष्ठेचं वर्णन असतं. हे कामाचं नाही. नेमके शब्द हवेत, ज्या भाषेत लिहिले-बोलले गेले त्याच भाषेत. मूळ मराठी असेल आणि वादपत्र इंग्रजीत असेल तर मूळ मराठी शब्द आणि सोबत भाषांतर. कधी, कुठे, कोणापुढे हेही हवं. शब्द वरवर निरुपद्रवी असून टोमणा दडलेला असेल, तर तो टोमणा काय आणि तो कळण्याइतकी माहिती कोणाला होती, हे वेगळं मांडावं लागतं.

पुरावा पहिल्याच दिवशी गोळा करा. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसतील असे न कापलेले स्क्रीनशॉट घ्या. फेसबुक असेल तर पोस्टची लिंकही जपून ठेवा. प्रिंट दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत: एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू डिजिटल ठसा) दोन्हींत येते. प्रमाणपत्राचं महत्त्व पटवणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आपल्या जालन्याचाच, अर्जुन खोतकरांच्या निवडणुकीविरुद्धच्या याचिकेतला. त्यातलीच एक सोय लोक विसरतात: मूळ फोनच कोर्टात हजर केला आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून फोन बदलू नका, रीसेट तर अजिबात करू नका. मेसेज वाचलेला, साक्षीला येईल असा एक तरी सदस्य हवा. तुम्ही स्वतः वाचलं हे पुरत नाही.

बचावाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, कारण तिथे भलेभले गोंधळतात. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की विषय संपला, हेतू कितीही वाईट असो. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकहितासाठी केलं होतं हेही दाखवावं लागतं. कोर्टातल्या साक्षीत, विधिमंडळात बोललेल्या शब्दांवर दावा चालत नाही.

एक कोटीच्या, दहा कोटींच्या नोटिशा बघितल्या की मला हसू येतं. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी आधी भरावी लागते, त्यामुळे नोटिशीतला कोटी वादपत्रात येईपर्यंत पुष्कळदा काही लाखांवर उतरलेला असतो. राजस्थानात एका वृत्तपत्राने एक मुलगी पळून गेल्याची खोटी बातमी छापली. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने भरपाई दिली 10,000 रुपये.

दावा लावला की मजकूर लगेच उतरतो, हीही भाबडी समजूत. सुनावणीआधी मनाई हुकूम अपवादानेच द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात पुन्हा बजावलं. लेख काढायला सांगणारा खालचा आदेश तिथे रद्द झाला. मला हे पटतं. नाहीतर पैसेवाला पहिल्याच तारखेला हुकूम घेऊन मोकळा होईल.

दावा कुठे लावायचा? प्रतिवादी राहतो तिथे किंवा नुकसान झालं तिथे, तुमची निवड. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 19 मध्ये बदनामीचंच उदाहरण आहे: दिल्लीच्या माणसाने कलकत्त्यात बदनामी केली तर दोन्हीपैकी कुठेही दावा लावा.

खोट्या फिर्यादीत अडकवलं गेलं असेल तर तो वेगळा दावा, तोही एक वर्षाचा, पण वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजायचं. निर्दोष सुटणं एवढंच पुरत नाही; वाजवी कारण नव्हतं आणि हेतू दुष्ट होता हेही सिद्ध करायचं. शेजाऱ्याच्या गळतीचा किंवा आवाजाचा उपद्रव मात्र चालू असेपर्यंत मुदत रोज नव्याने सुरू होते, मुदत कायद्याचं कलम 22.

आणि बदनामीचा दावा वारसांना चालवता येत नाही. वादी मध्येच वारला तर दावा त्याच्याबरोबर संपतो. वादी हरला असेल आणि त्याचं अपील चालू असताना वारला तरी तेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सांगितलं आहे. हुकूमनामा (दाव्याचा निकाल) त्याच्या बाजूने आधीच झाला असेल तरच ती रक्कम इस्टेटीचा भाग होते, आणि प्रतिवादीच्या अपिलात ती वाचवायला वारस उभे राहू शकतात.