आत्या, तो फळा पूस

आत्याच्या गावच्या वाचनालयात दाराशीच सुविचाराचा फळा आहे. रविवारी तिने त्याचा फोटो पाठवला. तिच्या वळणदार अक्षरात, पिवळ्या खडूने: 'लायब्ररी हा शब्द मूळ संस्कृत लिपिवारी. इंग्रजांनी नालंदा पाहून तो उचलला. पुरावा : पाणिनी. इंग्रजीत लाय म्हणजे खोटं, म्हणून लायब्ररी म्हणू नये. शुद्ध उच्चार लिबरी.' हाच फॉरवर्ड मला आधी तीनदा आला होता, तिन्ही वेळा गप्प बसले. पण जन्मभर पुस्तकांची नोंदवही सांभाळलेल्या बाईने तो फळ्यावर उतरवला म्हटल्यावर राहवेना.

नालंदाचं आधी उरकते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'लायब्ररी' हा शब्द इंग्रजीत १४व्या शतकापासून, चॉसर या कवीच्या लिखाणापासून नोंदलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. नालंदाचे तेव्हा ढिगारे उरले होते. उचलला कोणी आणि कुठून?

आता 'लिपिवारी'. असा शब्द कुठल्याही संस्कृत कोशात काढून दाखवावा. वारी पंढरपूरची असते, लिपीची नसते. खरा रस्ता सरळ आहे. लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे पुस्तक, आणि त्याआधी झाडाची आतली साल. त्यावरून 'लिब्रारिउस', म्हणजे पुस्तकांची नक्कल करणारा किंवा विकणारा. पुढे फ्रेंच 'लिब्रेरी' आणि तिथून इंग्रजी. गंमत म्हणजे आज पॅरिसमध्ये 'लिब्रेरी' विचारलंत तर पुस्तकांच्या दुकानात पोचाल. वाचनालयाला ते 'बिब्लिओतेक' म्हणतात. तो शब्द ग्रीक, त्यातला 'थेके' म्हणजे पेटी, कपाट. आपल्या लिपीचा धातू परंपरेने 'लिप्' मानतात, म्हणजे लिंपणे, माखणे. एकीकडे साल सोलायची, दुसरीकडे सारवायचं. दोन शब्दांत 'लि' सारखा दिसला म्हणून सोयरीक जुळत नाही.

पाणिनीचं मात्र नाइलाजाने मान्य करावं लागेल. अष्टाध्यायीत (३.२.२१) 'लिपि' आणि 'लिबि' अशी दोन्ही रूपं खरंच आहेत. पण तिथे विषय 'लिपिकर', 'लिबिकर' हे शब्द कसे बनतात एवढाच. लिपिकर म्हणजे लिहिणारा. ग्रंथालयाचा तिथे मागमूस नाही. शिवाय अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात लिपीला 'दिपि' म्हटलंय, आणि जुन्या पर्शियनमध्येही शब्द 'दिपि'च. त्यामुळे लिपी हाच शब्द तिकडून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे सांगितलं तर तो पाणिनीलाच ग्रुपमधून काढेल.

खरं नातं हवंच असेल तर ते आहे, फक्त भलत्या शब्दात: आपल्या भूर्जपत्रातला 'भूर्ज' आणि इंग्रजी 'बर्च' हे सख्खे चुलतभाऊ. तेही झाडच, आणि त्याच्याही सालीवर लिहायचे. ते लिहायचं होतं फळ्यावर.

उच्चाराबद्दल काय बोलायचं! 'लाय'चा खोटेपणाशी काडीचा संबंध नाही. चॉसरनंतरच्या काळात इंग्रजीतला दीर्घ ई हळूहळू 'आय' झाला. 'टाइम'सुद्धा आधी 'टीम'च्या जवळ होता, मग घड्याळही खोटं म्हणायचं का? 'लिबरी' कुणीच म्हणत नाही. दोन र जवळ आले की जीभ एक गिळते, म्हणून खुद्द इंग्रजही घाईत 'लायब्री' म्हणतात आणि आपल्याकडे 'लायबरी' होते. हिंदीवाले 'लायब्रेरी' म्हणतात, म्हणोत. पुण्यातलं नगर वाचन मंदिर १८४८ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' होतं. त्या मंडळींना त्या शब्दाची लाज वाटली नाही.

हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "बरं, भूर्जचं स्पेलिंग सांग, र्‍हस्व की दीर्घ? आणि डस्टर कपाटात आहे, किल्ली शिपायाकडे. तो मंगळवारी येतो."