‘म्हातारं कुत्रं वावरात सोडून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: म्हातारं कुत्रं रात्री रडायला लागलं, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं, घरातच मुतायला लागलं की ते वेडं झालं. यावर औषध नाही. त्याचं रडणं घराला अशुभ असतं. ओळख विसरलं की ते चावतं. म्हणून त्याला गावाकडच्या वावरात सोडून द्या, मोकळ्या हवेत शेवट सुखाचा होतो.

आमच्या घरी असाच एक म्हातारा आहे. हा मेसेज वाचून कुणी खरंच गाडी काढेल या भीतीने लिहितोय.

‘वेडं झालं’ हे आधी ठरवलं कुणी? किडनी बिघडली किंवा मधुमेह झाला की कुत्रं खूप पाणी पितं आणि त्याला लघवी आवरत नाही. सांधे दुखत असले की बाहेर जायला उठवत नाही. मोतीबिंदू झालेलं, बहिरं झालेलं कुत्रं गोंधळलेलंच दिसतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. त्यामुळे आधी रक्त-लघवीची तपासणी, बीपी, डोळे, दात. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात आहे. विचारायला माणसं आहेत.

हे सगळं तपासूनही लक्षणं उरली तर तो बहुधा स्मृतिभ्रंश. माणसाच्या अल्झायमरसारखाच बीटा-अमायलॉइड नावाचा प्रथिनाचा थर कुत्र्याच्या मेंदूतही साचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत या आजाराचं किमान एक लक्षण दिसलं होतं. म्हणजे ही जगावेगळी गोष्ट नाही.

तो पूर्ण बरा होत नाही, हे खरं. म्हणून उपाय नाही, हे खोटं. सेलेजिलिन या औषधाला अमेरिकेत कुत्र्यांच्या याच आजारासाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण काहींना येतो. ते डॉक्टरांच्याच सल्ल्याने द्यायचं. आणि गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध लावत असाल तर ते आधी सांगायचं, कारण ही दोन एकत्र चालत नाहीत. मेंदूला पोषक असा खास आहारही मिळतो. माणसांच्या स्मरणशक्तीच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका. काही गोळ्यांत, सिरपांत झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला विष आहे.

आता ‘अशुभ’. या आजारात झोपेचं चक्र उलटतं. कुत्रं दिवसभर झोपतं आणि रात्री जागं होऊन अंधारात घाबरतं, म्हणून रडतं. त्याला यम दिसत नाही, त्याला दारही दिसत नाही. रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा, झोपण्याआधी एकदा बाहेर फिरवून आणा, दिवसा थोडं जागं ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा फिरणं पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच. एवढं करूनही रात्र शांत जात नसेल तर झोपेसाठी, भीतीसाठी डॉक्टर औषध देतात.

मागच्या उन्हाळ्यात आमचा शेरू कूलरच्या मागे शिरून अडकायचा. नाक कोपऱ्यात, पाठीवर वाळ्याचं पाणी ठिबकतंय, तरी मागे सरायचं त्याला सुचत नसे. नाव घेऊन ओरडलं की जास्तच बावरायचा. पोटाखाली हात घालून हळूच मागे ओढला की मुकाट सोबत यायचा. त्या फटीत आम्ही गादीची वळकटी उभी केली, तो प्रश्न मिटला. दिवाणाची, पाण्याच्या भांड्याची जागा तेव्हापासून कुणी बदलत नाही. दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा नाही.

घरात मुतणं हा हट्ट नव्हे, त्याला बाहेर जायचं लक्षातच राहत नाही. मारलं तर तो फक्त तुम्हाला भ्यायला शिकेल. ‘चावतं’ म्हणाल तर झोपेत, मागून अचानक हात लावला तर दचकून दात लागू शकतो. समोरून जा, आधी हाताचा वास घेऊ द्या, लहान पोरांना एकटं त्याच्याजवळ सोडू नका. याचा रेबीजशी संबंध नाही. रेबीजची लस मात्र दरवर्षी चुकवू नका.

राहिलं वावर. मला सगळ्यात जास्त चीड याच सल्ल्याची आली. ज्याला स्वतःच्या घरातलं दार सापडत नाही, त्याला अनोळखी शिवारात विहीर कुठे, सावली कुठे, हे कोण सांगणार? गावची कुत्री परक्याला हद्दीत टिकू देत नाहीत आणि याला पळताही येत नाही. ओळखीचा वास, ओळखीचा आवाज, ठरलेल्या वेळी जेवण, एवढ्याच आधारावर तो उभा असतो. नेमकं तेवढंच आपण काढून घेतो. शिवाय प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

त्याचे हाल खरोखर वाढले, अन्न तुटलं, वेदना थांबत नसल्या, तर वेदनारहित मृत्यूचा विषय डॉक्टरांशी उघडपणे काढता येतो. त्यासाठी एक वही ठेवा. रोज तो जेवला का, झोपला का, तुम्हाला पाहून शेपटी हलवली का, एवढंच लिहा. रात्रीच्या येरझाऱ्यांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. दवाखान्यात तो शहाण्यासारखा बसतो, आणि डॉक्टरांना रात्री तो काय करतो ते कळत नाही.