सात पूर्णांक दोन मिलिमीटरची चूल

घरच्या शेगडीला लायटरचा एक खटका पुरतो. खिडकीतून वारा येत असेल तर तीन. आम्हा संगणकावर ज्वलन करणाऱ्यांची चूल जेमतेम 7.2 मिलिमीटर तोंडाची, पण ती धड पेटायला तीन आठवडे लागतात, आणि एवढं होऊन तिच्यावर चहासुद्धा होत नाही.

तिचं नाव सँडिया फ्लेम डी. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत बार्लो आणि फ्रँक यांनी हिची मापं घेतली. एक भाग मिथेन, तीन भाग हवा, वेग सेकंदाला 49.6 मीटर, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता ते सांगणारा) सुमारे 22,400 आणि तोंडाभोवती, मुख्य ज्योत विझू नये म्हणून, 1880 केल्विनची पायलट ज्योत. सोनार कसोटीवर सोनं घासतो तसं जगातला जो तो हिच्यावर आपलं मॉडेल घासून बघतो. फरक इतकाच, की इथे झिजतो तो सोनार.

पहिली तऱ्हा, पेटतच नाही. 294 केल्विनला मिथेन आणि ऑक्सिजन एका सेलमध्ये, म्हणजे गणनेच्या जाळीच्या एका घरात, बसवले तरी एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून आधी थंड प्रवाह स्थिरावू द्यायचा, मग तोंडाशी मोजक्या सेलांत 2000 केल्विन पॅच करायचं, म्हणजे हाताने भरायचं. घाईघाईने अख्ख्या डोमेनला, म्हणजे गणनेच्या सगळ्या जागेला, लावलंत तर घनता कोसळते, दाब उसळतो आणि समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर आडवा होतो. पायलटला नुसती गरम हवा देऊन भागत नाही, जळून झालेल्या वायूंचं मिश्रण द्यावं लागतं. त्यात पाण्याची वाफ लिहायची राहिली तर एरर येत नाही, कारण सगळ्या घटकांच्या प्रमाणांची बेरीज एक करायचं काम नायट्रोजनकडे असतं. वधूपित्यासारखा तो उरलेला सगळा हिशेब निमूट अंगावर घेतो, आणि चूक कळते ती थेट आलेख काढताना.

दुसरी तऱ्हा, पेटते ती भडकतेच. जीआरआय 3.0 या मिथेन-ज्वलनाच्या अभिक्रियांच्या यादीत 53 घटक, 325 अभिक्रिया. काही नॅनोसेकंदात उरकणाऱ्या, काही मिलिसेकंदभर रेंगाळणाऱ्या, आणि सगळ्यांना एकाच पंगतीत वाढायचं. अचूकतेच्या हौसेने पहिल्या दिवसापासून सेकंड ऑर्डर स्कीम, म्हणजे अचूक पण नाजूक गणनापद्धत, लावली की एखाद्या सेलमध्ये ओएच या घटकाचं प्रमाण उणे होतं. उणे ओएच! तिथून तापमान वायूंचे गुणधर्म काढायच्या बहुपदीच्या मर्यादेबाहेर, आणि पडद्यावर फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन. म्हणून सुरुवात अपविंड या ढोबळ पण भरवशाच्या पद्धतीने. तिच्यात ज्योत गणपतीत उकडीच्या मोदकांवर राहिल्यासारखी गुटगुटीत होते, पण जगते. बाळसं नंतर उतरवता येतं.

शेजारच्या टेबलावर के-एप्सिलॉनवाले, म्हणजे खळबळीचं सोपं सरासरी मॉडेल वापरणारे, बसतात. त्यांचा गोल जेट उगीच जास्त पसरतो, मग ते मॉडेलमधल्या एका स्थिरांकाचे 1.44 चे 1.6 करतात. कारण विचारू नये. पसरणं आवरतं.

आमचं घोडं पेंड खातं ते वेळेपाशी. तोंडाशी सेल 0.3 मिलिमीटरचा, वेग 50, कूरांट अंक (एका पावलात प्रवाह सेलचा किती भाग ओलांडतो तो) 0.3 ठेवायचा, म्हणजे वेळेचं एक पाऊल सुमारे 2 मायक्रोसेकंदांचं. जेट तुरुतुरु निघून जातो. पण भोवतीची हवा सेकंदाला 0.9 मीटरने, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेसारखी सरकते. तोंडाच्या 60 व्यासांइतकं डोमेन एकदा ओलांडायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद, म्हणजे अडीच लाख पावलं. आणि क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक संगणकांवर, जॉबला मुदत 72 तासांची. तोवरच्या गणनेची फाइल दर इतक्या पावलांनी लिहायला सांगितली असेल तर जॉब नेमका लिहायच्या आधी मरतो. घड्याळाच्या तासांवर लिहायला सांगावं. तेही डिस्कचा कोटा बघून, नाहीतर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि रिस्टार्टला तीच सापडते.

एवढ्या सगळ्यातून 15, 30, 45 व्यासांवरचं तापमान प्रयोगाच्या ठिपक्यांवर बसतं. पेपर जातो. परीक्षकाचं उत्तर येतं : डी ठीक आहे, आता फ्लेम एफ करा. तिचा वेग डीच्या दुप्पट, त्यामुळे ती जागोजागी विझते. किती विझते, ते अचूक दाखवा.