निघायची घाई कोणाला होती?

छोट्या खासगी विमानाच्या अपघाताची बातमी आली की खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, 'इंजिन बंद पडलं असणार.' तसं होतंही. पण मी स्वतः चार सीटची विमानं उडवते, आणि 'टेकऑफ घेताच कोसळलं' एवढं वाचलं की माझ्या मनात आधी वेगळाच प्रश्न येतो. निघायची घाई कोणाला होती?

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेत वायोमिंगमधल्या शायेनहून एक छोटं सेसना निघालं. आत सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि इन्स्ट्रक्टर. इतक्या लहान वयात स्वतः विमान चालवत अमेरिका ओलांडायचा विक्रम मुलीला करायचा होता, टीव्हीवाल्यांना शब्द दिलेले होते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच, विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन, आणि वर वादळी पाऊस. तरी निघाले. धावपट्टी सोडल्यावर थोड्याच वेळात विमान स्टॉल होऊन, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल तुटल्याने, पडलं, तिघंही गेले. तशा हवेत निघायचा निर्णयच चुकला, असं चौकशीत स्पष्ट म्हटलं गेलं, आणि त्यामागे वेळापत्रक गाठायची धडपड होती हेही.

हे वाचून आजही माझ्या पोटात खड्डा पडतो. कारण ती धडपड मला ओळखीची आहे.

टेकऑफच्या वेळी विमान सगळ्यात जड असतं, टाकी भरलेली असते. वेग कमी, उंची जवळजवळ नाहीच. वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर लागणारी धावपट्टी साधारण वीस टक्क्यांनी वाढते. त्यात ऊन आणि उंचावरचा विमानतळ असेल तर हवा विरळ. इंजिनची ताकद घटते, पंखा हवेला नीट ओढत नाही, पंखही कमी उचलतात, तिन्ही एकाच वेळी. सकाळी सहज उठलेलं तेच विमान दुपारी उठता उठत नाही.

आणि उठल्यावर खरोखरच इंजिन गेलं तर? मन ओरडतं, मागे वळ, धावपट्टी तिथेच आहे. हाच जीवघेणा मोह. नुसतं अर्धं वर्तुळ वळून भागत नाही, कारण वळताना विमान धावपट्टीच्या बाजूला सरकलेलं असतं, पुन्हा उलट वळावं लागतं. ४५ अंश कलून वळलं की स्टॉल होण्याचा वेग जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो, आणि आपला वेग तर उतरत असतो. त्यापेक्षा नाक खाली करून समोरच्या शेतात, झुडपात, जिथे मिळेल तिथे ताबा ठेवून उतरलं तर विमान मोडतं, पण माणसं पुष्कळदा वाचतात.

शिकत असताना एकदा इन्स्ट्रक्टरनी टाकीच्या तळातून छोट्या पारदर्शक भांड्यात इंधन काढलं. निळसर पेट्रोल, आणि तळाशी मण्यासारखा पाण्याचा थेंब. असं पाणी इंजिनात गेलं तर ते बंद पडू शकतं. ओतून दिलं, पुन्हा काढलं. पुन्हा मणी. तिसऱ्यांदाही. सोबत येणारे पाहुणे घड्याळ बघत म्हणाले, "एवढ्याशा थेंबानं काय होतंय, सर?" सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी विमान परत दोरांनी बांधलं आणि मला म्हणाले, "आज नको." तेव्हा मीसुद्धा मनातून चिडले होते. आता वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला उडायला जितकं शिकवलं असतं, त्याहून जास्त शिकवलं.

म्हणून पायलटच्या शेजारी बसणाऱ्यांना कळकळीने सांगते, त्याला घाई करू नका. सामान उतरवायला सांगितलं तर उतरवा. लग्न चुकेल, मीटिंग चुकेल, चुकू दे.

मी निघण्यापूर्वी सोबतच्यांना मोठ्याने सांगते, "अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उडायला लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर मी थांबवणार. वर गेल्यावर लगेच इंजिन बंद पडलं तर आपण समोरच उतरणार, मागे वळणार नाही." काहींचे चेहरे पडतात. एकदा एक काकू हे ऐकून उतरल्याच. मी त्यांना हात देऊन खाली उतरवलं, त्यांची पर्स दिली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून चेकलिस्ट वाचायला घेतली.