ताई, तुमचं चौऱ्याहत्तर

काल रात्री एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्यातल्या काकांनी एक एक्सेल शीट टाकली. शीर्षक: 'ऑक्सिजन – अंतिम'. वर नामचे, डिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप, बेस कॅम्प असे वाटेतल्या ठिकाणांचे रकाने आणि खाली आम्ही सगळे, सरासरीनुसार, वरून खाली. सगळ्यात खाली मी. माझी ओळ लाल रंगात. त्यावर लोकांनी धडाधड अंगठे दिले. एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेल्या माणसाने लुकलाच्या विमानतळापासून सुरुवात करायची असते. ५२७ मीटरची धावपट्टी, तीही उतरती, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी वगैरे. ते तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. मला त्याची धास्ती वाटली नाही. मला धास्ती वाटायची ती रात्री डाळभाताची ताटं उचलल्यावर.

डायनिंग हॉलच्या मधोमध बुखारी नावाची शेगडी, तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या, भोवती वाळत घातलेले मोजे. त्या वासात जरा डोळा लागतोय तोच काका चष्म्याच्या डबीतून ऑक्सिमीटर काढत. कोविडच्या लाटेत घेतलेला, एक कोपरा चिकटपट्टीने जोडलेला. मग वही उघडत आणि रांगेने प्रत्येकासमोर येऊन एकच शब्द उच्चारत, "बोट."

लोबुचेला माझ्यासमोर आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. उपयोग झाला नाही. हातमोजा त्यांनीच काढला.

"नेलपॉलिश काढा आधी. त्याने आकडा चुकतो."

"लावलेलंच नाही काका."

"मग निळं कशानं दिसतंय?"

यावर काय उत्तर देणार? बाहेर उणे बारा होतं. काकांनी माझं बोट चिमट्यात घातलं आणि सगळा हॉल त्या लाल आकड्याकडे बघायला लागला. "एकाहत्तर... त्र्याहत्तर... थांबा, वाढतंय... पंचाहत्तर! नाही, गेलं. ताई, तुमचं चौऱ्याहत्तर." हे त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या कोरियन मंडळींनाही कळेल अशा आवाजात सांगितलं. दहावीचा निकाल वाड्यात वाचून दाखवावा तसं. मग माझ्याकडे वाकून हळूच, "घरी कुणाला दम्याचा त्रास?"

काकांचा स्वतःचा आकडा एकोणनव्वद. का नसेल? मोजायच्या आधी दहा मिनिटं दोन्ही पंजे गरम आलं-लिंबाच्या ग्लासाला घट्ट लावून बसायचे आणि मग खोल खोल श्वास घ्यायचे. बोट गरम असलं की यंत्राला नाडी नीट सापडते आणि जोरात श्वास घेतले की आकडा थोडा वेळ वर चढतो. आमच्या शाळेत याला कॉपी म्हणत. शिवाय डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घेणाऱ्यांच्या नावापुढे त्यांनी फुली मारली होती. एक तर त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि मध्यरात्री तीनतीनदा स्लीपिंग बॅगमधून निघून गोठलेल्या बादलीपर्यंत जावं लागतं. त्यात वर ही फुली.

त्या बादलीवर एक वेगळा लेख होईल. वरची पापडी मगाने फोडायची, ती फुटत नाही, मग मग फुटतो. आणि चहा! त्या उंचीवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळता चहा हातात येतो तोच पिण्याजोगा असतो आणि दुसऱ्या घोटाला पन्हं होतो. फोन चार्ज करायचे वेगळे पैसे, आंघोळीचे वेगळे, वायफायचे वेगळे. जितकं वर जावं तितकं महाग. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून किंवा याक-खेचराच्या पाठीवरून आलेली असते. तिथे फुकट मिळत होतं ते एवढंच, काकांचं मोजमाप.

माझ्यानंतर त्यांनी आमच्या गाइडदाईंना पकडलं (नेपाळीत दाई म्हणजे दादा). दाई दोनदा एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आलेले. ते नुकतेच बाहेरून, याकांना चारा घालून आत आले होते. आकडा आला एकोणसत्तर.

काकांनी यंत्र झटकलं. "सेल गेलेत."

"मग माझे मोजले तेव्हा?"

"तेव्हा होते."

दाई हसले आणि चहाला गेले. त्यांची तपासणी सकाळी असायची. डोकं दुखतंय का, रात्री जेवलात का, झोप लागली का. तीन प्रश्न, आणि उत्तर देताना ते आपल्या तोंडाकडे बघत. मग "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू, म्हणत चालायला लागत.

आता मला जे खरंच डाचतंय ते. ९४ च्या खाली गेलं की धावपळ करायची, हे २०२१ पासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण लोबुचे ४,९४० मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. धडधाकट माणसाचा आकडाही तिथे ऐंशीच्या अल्याडपल्याड असतो. उंचीचा आजार ओळखायचा तो डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं यांवरून. आमच्यातला एक पोरगा त्या रात्री अठ्ठ्याऐंशी मार्कांनी दुसरा आला होता. डोकं धरून बसला होता, भाताला हात लावला नव्हता. काका म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी आहे तुझं, तुला काय धाड भरलीय?" पोरगा बिचारा लाजला आणि गप्प झाला. पहाटे दोनला त्याला उलट्या सुरू झाल्या. दाईंनी उजाडायचीही वाट न बघता, कपाळावर टॉर्च लावून त्याला फेरिचेला उतरवलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. खाली गेल्यावर तो सुधारला. शीटमध्ये त्याच्या गोरक्षेपच्या रकान्यात काकांनी 'गैरहजर' लिहिलंय.

आणि मी? लाल ओळीतली मी ५,३६४ मीटरवर माझ्या पायांनी गेले. शीटमध्ये तिसऱ्या नंबरावर असलेले गृहस्थ घोड्यावरून आले. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, त्याचाच पश्चिमेकडचा खांदा मध्ये येतो. पण तिथल्या वाऱ्यातही, नाव रंगवलेल्या दगडापाशी फोटोच्या रांगेत उभी असताना, काका डबी उघडत समोर आले. त्यांच्या स्वतःच्या ओठांचा रंग तेव्हा बघण्यासारखा होता. मी दोन्ही हात काखेत घातले. शीटमध्ये त्या रकान्यात माझ्यापुढे 'असहकार' आहे.

उतरताना नामचेला मी आपणहून बोट पुढे केलं. त्र्याण्णव! हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त. काकांनी आकडा बघितला, वही मिटली आणि यंत्र डबीत ठेवलं.

"उतरतानाचं धरत नाहीत, ताई."